बालवर्गाचं रोजचं वेळापत्रक: तीन तास, अठ्ठावीस मुलं, दोन नळ

पाटीपेन्सिल

नमस्कार. जूनमध्ये सुरू होणाऱ्या बालवर्गाचं वेळापत्रक ठरवायचं आहे. वर्ग प्राथमिक शाळेच्या आवारात भरेल. मुलं २८, वयं चार ते साडेपाच. एक ताई, एक मदतनीस. खोली साधारण २० फूट बाय १८ फूट, बाके नाहीत, चटया आहेत. व्हरांड्यात दोन नळ, मागे मुलांचं एक स्वच्छतागृह. मैदान मोठ्या शाळेचंच, कडेला दोन कडुनिंब. वेळ साडेनऊ ते साडेबारा.

कच्चा आराखडा असा:

९.३० ते १०.०० प्रार्थना, हजेरी, परिपाठ
१०.०० ते १०.३० भाषा (पाटीवर अक्षरं)
१०.३० ते ११.०० अंक
११.०० ते ११.३० डबा
११.३० ते १२.०० चित्रकला
१२.०० ते १२.२० मैदान
१२.२० ते १२.३० गाणी, निरोप

यात काय चुकतंय, ते स्पष्ट सांगा. पालकांना पहिल्याच सभेत हे दाखवायचं आहे.

उंबरठा

पाटीपेन्सिल, वेळा, मुलं, नळ हे सगळं लिहिलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल.

पहिली गोष्ट, साडेनऊपासून अकरापर्यंत मूल सलग बसून आहे. चार-पाच वर्षांचं मूल मोठ्या गोलात ऐकत बसतं ते दहा, फार तर पंधरा मिनिटं. तेच मूल स्वतः निवडलेल्या ठोकळ्यांत चाळीस मिनिटं सहज रमतं. म्हणून सगळे तुकडे अर्ध्या अर्ध्या तासाचे नकोत. बसून ऐकण्याचे तुकडे लहान असावेत, हाताने करायचे मोठे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुमच्या आराखड्यात एक काम संपतं आणि त्याच मिनिटाला दुसरं सुरू होतं. प्रत्यक्षात मधे वेळ जातो आणि वर्ग नेमका तिथेच हातातून सुटतो. हिशेब मांडून पाहा. साबण लावून नीट हात धुवायला एका मुलाला ४० सेकंद. २८ मुलं, दोन नळ, म्हणजे प्रत्येक नळावर १४. एकूण साधारण सव्वानऊ मिनिटं, तीही कुणी पाणी उडवलं नाही तर. अकराचा डबा अकरा दहाच्या आधी उघडणार नाही आणि तोवर ज्यांचे हात धुऊन झाले ते नुसते बसलेले. पाटी तपासण्याचंही तसंच. एका पाटीला अर्धं मिनिट धरलं तरी २८ पाट्यांना १४ मिनिटं. ज्याची पाटी पहिली तपासली, त्याने पुढची साडेतेरा मिनिटं काय करायचं? तो शेजाऱ्याची पाटी पुसतो. त्याला आपण दंगा म्हणतो, पण तो वेळापत्रकातला खड्डा आहे.

मी असं मांडेन:

९.३० ते ९.५० येणं, चटईवर मांडून ठेवलेले खेळ
९.५० ते १०.०५ गोलात गप्पा, गाणं, आजच्या दिवसाचा क्रम
१०.०५ ते १०.५० खेळकोपरे (खोलीत ठोकळे, भातुकली, चित्रं अशा खेळांच्या ठरलेल्या जागा)
१०.५० ते ११.०० आवराआवर
११.०० ते ११.३० मैदान
११.३० ते ११.४० हात-पाय धुणं
११.४० ते १२.०५ डबा
१२.०५ ते १२.२० गोष्ट
१२.२० ते १२.३० निरोप

मैदान डब्याच्या आधी अशासाठी, की हात एकदाच धुवावे लागतात.

पाटीपेन्सिल

उंबरठा, पाट्यांचा हिशेब पटला. पण यात भाषा आणि अंक कुठे गेले? पालक पहिला प्रश्न तोच विचारतील.

उंबरठा

खेळकोपऱ्यांच्या ४५ मिनिटांत. २८ मुलांचे सात-सातचे चार गट करा, त्यांना रंगांची नावं द्या. पहिली दहा मिनिटं ताईंनी कुणालाही बोलवायचं नाही, फक्त फिरायचं आणि सगळे कुठे ना कुठे बसले की नाही ते पाहायचं. मग एक गट १२ मिनिटं चटईवर, त्यानंतर दुसरा गट १२ मिनिटं. उरलेल्या अकरा मिनिटांत परत फिरायचं. रोज दोन गट होतात, सहा दिवसांत बारा वेळा, म्हणजे प्रत्येक गट आठवड्यातून तीनदा ताईंसमोर बसतो. सात मुलांसमोरची ही १२ मिनिटं २८ मुलांसमोरच्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी जास्त कामाची. कोण 'ट' ला 'त' म्हणतं, कोण पाचनंतर थेट आठ म्हणतं, हे तिथेच ऐकू येतं.

मुलं खेळात अडकायच्या आत पहिल्याच मिनिटाला गट बोलावला, तर बोलावलेली सात मुलं रुसतात आणि उरलेली एकवीस ताईंच्या भोवती गोळा होतात. पहिली दहा मिनिटं मोकळी ठेवणं म्हणूनच गरजेचं.

ठोकळेवाला

कोपऱ्यांबद्दल थोडं. गट बसलेला असताना २१ मुलं कोपऱ्यांत असतात. जागा २१ ठेवू नका, २६-२८ ठेवा. जागा नेमक्या असल्या, तर एका मुलाला हलायचं असेल तेव्हा दुसऱ्याला उठवावं लागतं आणि भांडण तिथूनच लागतं. २० बाय १८ च्या खोलीत पाच कोपरे बसतात:

ठोकळे: सहा मुलांना किमान दीडशे. सुताराकडून लाकडाचे उरलेले तुकडे आणावेत, कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. दारापासून दूर ठेवा, नाहीतर येणारा-जाणारा इमारती पाडतो.
भातुकली: सहा जणांची. छोटी भांडी, जुन्या ओढण्या, एक तराजू.
माती किंवा कणीक: सहा जणांची. दोन वाट्या कणकेला एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि जेमतेम वाटीभर पाणी, तेही थोडं थोडं. पावसाळ्यात तीन-चार दिवसांत वास येतो, मग टाकून द्यायची.
चित्रं: पाच जणांची, नळाच्या बाजूला.
पुस्तकं: चार जणांची, खिडकीपाशी, ठोकळ्यांपासून सगळ्यांत लांब.

बारीक मणी, चिंचोके, सागरगोटे ताईंच्या चटईवरच ठेवा, मोकळ्या कोपऱ्यात नकोत. नाकात-कानात घालायचं वय अजून पुरतं गेलेलं नसतं.

पहिल्या आठवड्यात पाचही कोपरे उघडू नका. दोन उघडा, मग दर तीन-चार दिवसांनी एक. प्रत्येक कोपऱ्यातलं सामान कुठून काढायचं आणि कुठे ठेवायचं हे शिकायलाच तेवढे दिवस लागतात. सगळे एकदम उघडले, तर आवराआवर दहाऐवजी पंचवीस मिनिटं चालते आणि शेवटी मदतनीसबाई एकट्या आवरतात.

ओसरी

अंगणवाडीच्या बाजूने लिहिते. उंबरठा यांचा क्रम चांगला आहे, पण डबा ११.४० ला हे मला मान्य नाही. कितीतरी मुलं आठ-सव्वाआठला घरातून निघतात, अर्धी चहा-बिस्किटावर. पावणेअकराच्या सुमारास पोट रिकामं होतं. त्या वेळी कोपऱ्यांत अचानक ओढाओढ, रडारड सुरू झाली, तर ते वागणुकीपेक्षा भुकेमुळे असतं. अंगणवाडीत नाश्ता आणि गरम ताजा आहार अशी विभागणी असते. एकदाच डबा असेल, तर तो अकरापर्यंत उघडलाच पाहिजे.

उंबरठा

ओसरीताई, मुलं कधी निघतात याचा विचार मी केला नव्हता, तुमचं बरोबर आहे. मग मैदान डब्यानंतर घ्यावं लागेल आणि हात दोनदा धुवावे लागतील. तरी वेळ वाचवता येतो. आवराआवर आणि हात धुणं एकाच वेळी चालवा. एक रंग नळावर, तीन रंग आवरायला. सातजण परत आले की पुढचा रंग. नळावर मदतनीस, खोलीत ताई. दोन्ही मिळून १५ मिनिटांत होतं आणि रिकामं कुणी बसत नाही.

गुलमोहर

डब्याचा विषय निघालाच आहे, तर पालकसभेत हेही सांगा. डबा असा हवा, की मूल स्वतः उघडू शकेल. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा दिला, की ताई आणि मदतनीस २८ झाकणं उघडत बसतात आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. सभेच्या दिवशी पालकांसमोर मुलाकडूनच डबा उघडवून घ्या, वेगळं सांगावं लागत नाही. पाण्याच्या बाटलीचंही तसंच. पोळीचे तुकडे किंवा गुंडाळी करून द्यावी, भाजी रसाची नको. हळू खाणाऱ्या चार-पाच मुलांना आधी हात धुवायला पाठवा. २५ मिनिटांत त्यांचं होत नाही असं आपण म्हणतो, पण खरं तर ती शेवटी बसलेली असतात.

सड्यावरून

इथे कोकणातला पाऊस कुणी धरलेलाच नाही. जून ते सप्टेंबर ९.३० ते ९.५० मध्ये 'येणं' उरकत नाही. छत्री मिटवणं, रेनकोट काढणं, ओलं मूल पुसणं, चपला लावणं यात दहा मिनिटं जास्त जातात. पावसाळ्यात येण्याला अर्धा तास द्या आणि गोल पाच-सात मिनिटांवर आणा. रेनकोटसाठी व्हरांड्यात दोरी हवी, मुलाच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर. प्रत्येक चिमट्यावर मुलाचं चित्र (कुणाचं मासा, कुणाचं पान). नाव वाचता येत नसलं तरी चित्र ओळखता येतं. दप्तरात एक जोडी कोरडे कपडे हे सभेतच पक्कं करा.

मैदान बंद म्हणजे हालचाल बंद असं होऊ देऊ नका. ज्या दिवशी मैदान होत नाही, त्या दिवशी गोष्टीच्या वेळी हमखास गोंधळ असतो. चटया गुंडाळून खोली मोकळी करा. सुतळी वाकडीतिकडी टाकून तिच्यावर चालणं, चिंध्यांचा चेंडू टोपलीत टाकणं, बेडूकउड्या, पाठीवर उशी ठेवून रांगणं. 'शिवाजी म्हणतो' चांगला, फक्त चुकणाऱ्याला बाहेर बसवायचं नाही.

खडूचा_तुकडा

सड्यावरून यांनी शेवटी जे लिहिलं, त्यावर जोर देऊन सांगतो. खेळ निवडतानाही वाट पाहण्याचा हिशेब करा. 'मामाचं पत्र हरवलं' सगळ्यांना आवडतो, पण २८ मुलांच्या एका गोलात दोन पळतात आणि सव्वीस बसतात. एक फेरी अर्ध्या मिनिटाची धरली, तरी सगळ्यांची पाळी व्हायला चौदा मिनिटं. सात-सातचे चार गोल करा, साडेतीन मिनिटांत प्रत्येकाची पाळी होते. संगीत खुर्चीत तर जे मूल हालचालीत मागे आहे, तेच पहिलं बाद होतं आणि सगळ्यांत कमी पळतं. टिपी टिपी टॉप टॉप उत्तम, कारण एकदम सगळी धावतात.

दोन कामांच्या मधल्या वेळेबद्दल थोडं सविस्तर:

आवराआवरीच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक कोपऱ्यात जाऊन, खाली बसून, हळू आवाजात सांगायचं: 'अजून थोडा वेळ, मग आवरायचंय.' खोलीच्या मधोमध उभं राहून ओरडायचं नाही. उंच मनोरा बांधणाऱ्या मुलाला हे आधी कळलं, की ते मनोरा पुरा करतं. कळलं नाही, तर ते मनोऱ्यापासून हलत नाही आणि मग ओढाताण होते.

खूण एकच आणि रोज तीच हवी. आवरायचं एक गाणं, गोलात यायची एक टाळी, मैदानावरून परत यायला डफाचे तीन ठोके. एकच घंटा सगळ्याला वापरली, तर मुलाला आता नेमकं काय करायचं ते कळत नाही.

कुठेही जाताना एक मोठं माणूस आधी पोचलेलं असावं. मदतनीस पुढे, ताई मागे. दोघीही मागे राहिल्या, तर पहिली पाच मुलं नळावर एकटी असतात.

सगळ्यांना एकदम उठवायचं नाही. 'ज्यांच्या कपड्यात लाल रंग आहे, ते चपला घाला', मग 'ज्यांच्या नावात म आहे ते'. दारात गर्दी होत नाही आणि भाषेचा पाठ फुकटात होतो.

रांग शक्य तिथे टाळा. रांग म्हणजे वाट पाहणंच, आणि या वयाला हात मागे बांधून उभं राहणं सगळ्यांत जड जातं. नळाशी दोनच उभे, बाकीचे भिंतीला टेकून गाण्यात.

वऱ्हाडी_माती

विदर्भात फेब्रुवारी संपला की सव्वाअकराचं मैदान चालत नाही, जमीन तापलेली असते. उन्हाळ्यासाठी दुसरा क्रम आधीच लिहून ठेवा. मैदान सगळ्यांत आधी, ९.३० ते १०, मूल आलं की दप्तर ठेवून थेट कडुनिंबाखाली. मग पाणी, गोल, कोपरे. हा बदल एका दिवसात करू नका. आदल्या आठवड्यात रोज गोलात सांगा आणि चित्रांच्या पट्टीवर मुलांसमोर कार्डांची जागा बदला. क्रम बदलला की लहान मुलं दोन-तीन दिवस 'आता घरी जायचं का?' असं विचारत राहतात. ते साहजिक आहे. त्यांच्यासाठी मैदान म्हणजे दिवस संपत आल्याची खूण झालेली असते.

आणि पाणी. मार्च-एप्रिलमध्ये तहान लागेपर्यंत थांबू नका. दर तासाला सगळ्यांनी पाणी प्यायचं, हे क्रमातच लिहा.

पाटीपेन्सिल

चित्रांची पट्टी म्हणजे नेमकी कशी? किती कार्डं, केवढी, कुठे लावायची?

गुलमोहर

जास्तीत जास्त आठ कार्डं, पोस्टकार्डाच्या आकाराची. मुलांचे खरे फोटो सगळ्यांत चांगले (हात धुणारं मूल, डबा खाणारं मूल), नाहीतर साधी रेघांची चित्रं. दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची, डावीकडून उजवीकडे. दोरीची उंची जमिनीपासून तीन फूट, तिथे या वयाच्या मुलाची नजर जाते. फळ्याच्या वर लावलेली पट्टी फक्त पाहुणे वाचतात. एक काम झालं की एक मूल जाऊन ते कार्ड उलटं करतं. रोज वेगळं मूल.

कार्डावर घड्याळातली वेळ लिहायची नाही. मुलाला 'डब्यानंतर मैदान' कळतं, 'सव्वाअकरा' कळत नाही. मिनिटांचा कागद ताईंच्या कपाटाच्या दाराला आतून लावा.

बदल असेल त्या दिवशी (लसीकरण, पाहुणे, जयंतीचा कार्यक्रम) वेगळ्या रंगाचं कार्ड मधे घाला आणि सकाळच्या गोलात दाखवा. एवढ्याने निम्मी रडारड वाचते.

ओसरी

ताई एकटीच असेल, मदतनीस स्वयंपाकात असेल आणि वयं तीन ते सहा मिसळलेली असतील, तर याच क्रमाचा छोटा अवतार करा. गोल आठ मिनिटं. कोपरे पाचऐवजी तीन. गट सातचा नको, मोठ्यांमधल्या पाचांचा, आणि ताईने दाराकडे तोंड करून बसायचं, म्हणजे सगळी खोली नजरेत राहते. तीन वर्षांच्यांना गटात बोलवायचं नाही, ती हवं तर मांडीला टेकून बसतात.

अंगणवाडीच्या नोंदी भरायचा मोबाइल मुलं येण्याच्या वेळी हातात घेऊ नका. मूल दारात येतं त्या वीस मिनिटांत ताईचे डोळे मुलावर हवेत. अंग गरम आहे का, डोळे सुजलेत का, काल रडत गेलेलं आज कसं आलंय, हे तेव्हाच दिसतं. हजेरी तोंडी नको. प्रत्येक मुलाने आपलं चित्राचं कार्ड टोपलीतून काढून भिंतीवरच्या खिशात ठेवायचं. टोपलीत उरली ती गैरहजर. ताई एका नजरेत मोजते, नोंद नंतर मुलं खायला बसल्यावर होते.

लसीकरणाच्या दिवशी बालशिक्षण रद्द करण्याची सवय मोडायला हवी. क्रम तोच, फक्त प्रत्येक तुकडा निम्मा.

चिंचेखाली

घड्याळाला मुलांच्या दिवसाप्रमाणे वाकवणं महाराष्ट्राला नवं नाही, म्हणून थोडा इतिहास. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करून आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरचं मूल शाळेपर्यंत येत नाही म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मुलं जिथे गुरं चारतात तिथेच शाळा. साधनंही पानं, बिया, शंख-शिंपले अशी जवळपासची. वेळापत्रक आखताना पहिला प्रश्न 'मूल त्या वेळी कुठे असतं आणि काय करत असतं' हा असायला हवा, तो या कामातून आलेला आहे. ओसरीताईंचा भुकेचा मुद्दा त्याच जातीचा.

पाटीपेन्सिल

चिंचेखाली, हे सभेत सांगेन. आता दोन अडचणी. एक, मोठ्या शाळेची घंटा दर ३५ मिनिटांनी वाजते. दोन, पालकांना 'लिहायला काय शिकवता' याचं उत्तर काय द्यायचं?

उंबरठा

घंटेचं सोपं आहे. मुख्याध्यापकांना आधीच भेटा आणि बालवर्ग घंटेवर चालणार नाही एवढं मान्य करून घ्या. मुलांना पहिल्या आठवड्यात सांगा, 'ही दादा-ताईंची घंटा.' पाच-सहा दिवसांत ती ऐकूनही मुलं हलत नाहीत. मात्र मैदानाची वेळ मोठ्या शाळेच्या मधल्या सुट्टीवर येत नाही ना, ते आत्ताच पाहा. पाचवीतली पोरं धावत असताना चार वर्षांची मुलं त्याच मैदानात नकोत. सुट्टी आणि तुमचं मैदान यांत किमान दहा मिनिटांचं अंतर ठेवा.

वेळेवरून कुणी अडवलं तर: २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं आहे. तुमचे साडेनऊ त्यात बसतात.

खडूचा_तुकडा

लिहिण्याबद्दल. पालकांशी वाद घालू नका, त्यांची काळजी खरी आहे. पुढे पहिलीत मुलाला जड जाऊ नये, एवढंच त्यांना हवं असतं. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा धरतो. पहिली-दुसरी त्यातच येते, म्हणून बालवर्गात घाई करायचं कारण नाही. पण एवढं सांगून पालकांचं समाधान होत नाही. त्यांना दाखवावं लागतं.

बोटांत बळ यायचं तर: कणीक मळणं, कागद चिमटीने फाडणं, कपड्याचे चिमटे लावणं, ओल्या फडक्यातून पाणी पिळणं. मनगट फिरायचं तर: ब्रश पाण्यात बुडवून व्हरांड्याच्या भिंतीवर मोठे गोल, उभ्या रेघा. आकार ओळखायचा तर: ठिपक्यांची रांगोळी, आधी चार ठिपके, मग नऊ. यातलं रोज एक कोपऱ्यांत असतंच. वयाने मोठ्या मुलांना दिवाळीनंतर जाड खडू आणि पाटी, तीही सातच्या गटात, १२ मिनिटांतली पाच. सबंध पाटीवर एक अक्षर मोठं. एकाच अक्षराच्या दहा ओळी काढायला लावल्या, तर चौथ्या ओळीपासून आकार बिघडत जातो आणि बिघडलेलाच हातात बसतो.

सभेत पालकांना अर्धा तास त्याच कोपऱ्यांत बसवा. चिमट्यांचा खेळ स्वतः करून पाहिला, की बोटं कुठे दुखतात ते कळतं.

सड्यावरून

पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक वेगळं हवं. २८ मुलं पहिल्याच दिवशी तीन तासांसाठी घेऊ नका. नऊ-दहाच्या तीन तुकड्या करा. पहिले तीन दिवस प्रत्येक तुकडी एक तास, वेगवेगळ्या वेळी, पालक खोलीतच भिंतीशी बसलेले. पुढचे तीन दिवस दीड तास, पालक व्हरांड्यात. दुसऱ्या आठवड्यात सगळी मुलं एकत्र, दोन तास, डब्यासकट. तिसऱ्या सोमवारी पूर्ण वेळ. नोकरी करणाऱ्या पालकांना हे जड जातं, म्हणून तारखा मे महिन्यातच कळवा.

आईने गुपचूप निघून जायचं नाही, हे सभेत ठासून सांगा. 'गोष्ट झाली की मी येते' असं सांगून जायचं आणि गोष्ट झाली की खरंच यायचं. एकदा फसवलं, तर पुढचे पंधरा दिवस मूल दारापासून हलत नाही.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचं धरून आता असं झालंय:

९.३० ते ९.५० येणं, कार्ड लावणं, चटईवरचे खेळ (पावसाळ्यात १०.०० पर्यंत, गोल पाच मिनिटं, कोपरे १०.०५ पासून)
९.५० ते १०.०० गोल, चित्रांची पट्टी
१०.०० ते १०.४५ खेळकोपरे, त्यात दोन गट
१०.४५ ते ११.०० आवरणं आणि हात धुणं एकत्र, रंगांप्रमाणे
११.०० ते ११.२५ डबा
११.२५ ते ११.५० मैदान (मार्चपासून सकाळी आल्याबरोबर)
११.५० ते १२.०० पाणी, हात-पाय
१२.०० ते १२.१५ गोष्ट
१२.१५ ते १२.३० गाणी, निरोप

शू-शीची वेगळी वेळ ठेवू का? स्वच्छतागृह एकच आहे.

ओसरी

ठरावीक वेळी सगळ्यांना न्यायचं नाही. एकाच स्वच्छतागृहात २८ मुलं म्हणजे अर्धा तास गेला. लागेल तेव्हा जायचं. दाराशी खिळ्याला एक लाकडी बिल्ला टांगा. बिल्ला गळ्यात घालून जायचं, परत आल्यावर टांगायचा. बिल्ला जागेवर नाही म्हणजे कुणीतरी आत आहे. मुलांना हे दोन दिवसांत समजतं. मदतनीसबाईंना बिल्ला गेलेला दिसेल, अशाच जागी खिळा ठोका. फक्त मैदानावर जाण्याआधी हळूच विचारायचं, कारण खेळात मुलं विसरतात.

उंबरठा

क्रम चांगला झालाय. तो तीन आठवडे बदलू नका. वहीत तीन रकाने करा: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, आणि रिकामं बसावं लागलेली मिनिटं. तिसरा रकाना मदतनीसबाईंना भरू द्या, त्यांना ते ताईंपेक्षा जास्त दिसतं. एखाद्या ठिकाणी आठवडाभर रोज पाच मिनिटांपेक्षा जास्त आलं, तर तेवढीच एक जागा बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

गुलमोहर

निरोपाचं राहिलं. दप्तर भरणं गोष्टीनंतर ठेवू नका. मैदानावरून आल्यावर पाणी पितानाच डबा, बाटली, रेनकोट दप्तरात जाऊ दे आणि दप्तरं दाराशी रांगेत. मग गोष्ट. रिक्षावाले काका बारा वीसलाच येऊन हॉर्न वाजवतात. दप्तर तयार असलं, तर रिक्षातली सहा मुलं गाण्यातून उठून दोन मिनिटांत बाहेर पडतात आणि बाकीच्यांचं गाणं मोडत नाही. त्या सहा जणांना गाण्यात दाराजवळ बसवा. प्रत्येक मूल ताईंच्या हाताला हात लावून जाईल आणि कुणाच्या ताब्यात दिलं ते मदतनीसबाई वहीत टिपतील. नेहमीचं माणूस नसेल, तर पालकांना फोन केल्याशिवाय मूल सोडायचं नाही.

पाटीपेन्सिल

रिक्षातल्या मुलांची यादी उद्याच मागवते. बिल्ल्यासाठी सुताराला सांगितलंय, त्याच्याकडूनच ठोकळ्यांचे तुकडेही घेईन. ठोकळेवाला, दीडशे तुकड्यांत कोणते आकार किती घेऊ?

ठोकळेवाला

साधारण साठ चौकोनी विटा, सगळ्या एका मापाच्या (चार इंच बाय दोन बाय एक चालेल). तीस दुप्पट लांबीच्या, म्हणजे आठ इंच. तीस निम्म्या लांबीच्या, दोन बाय दोन बाय एक. उरलेल्या तीसांत पंधरा त्रिकोण आणि पंधरा गोल, झाडाच्या सरळ फांद्या कापूनही गोल मिळतात. मापं दुप्पट-निम्मी अशीच ठेवा. दोन निम्म्या विटा मिळून एक पूर्ण होते, हे मुलं स्वतः शोधून काढतात. रंग लावू नका, नुसतं घासून खोबरेल तेलाचा हात द्या.